कोरफड कोणाला लागू पडते?

मराठी माणूस दुसऱ्याच्या आजाराबद्दल एरवी फार सांभाळून बोलतो. मूळव्याध झालेल्याला चारचौघांत कुणी "काय, आता बसता येतं का?" असं विचारत नाही. साखर वाढलेल्याला तर आपण आग्रहाने दुसरा पेढा देतो आणि साखरेचा विषयही काढत नाही. ही सगळी सभ्यता मुरुमांपाशी येऊन संपते. सतरा वर्षांच्या मुलीच्या गालावर चार पुटकुळ्या उठल्या, की बारशाला आलेली आत्या, जिन्यात भेटलेल्या काकू, भाजी निवडता निवडता मान वर करणारी शेजारीण आणि जन्मात कधी नीट दाढी न केलेला मामा, सगळे एकच विचारतात, "अगं, चेहऱ्याला काय झालं?" सूर असा, की तिच्या घरी आरसा नाही आणि ही बातमी तिला आत्ताच कळते आहे. तिने उत्तर देण्याआधी निदान होऊन जातं. पोट साफ होत नसणार. उष्णता वाढली असणार. तेलकट खात असणार. रात्री दोनपर्यंत मोबाइल बघत असणार. कारणं माणसागणिक बदलतात, पण उपचारावर या मंडळींचं जेवढं एकमत होतं तेवढं सोसायटीच्या वार्षिक सभेत पाण्याच्या टाकीवरही होत नाही. "कोरफड लाव. गॅलरीत आहे ना कुंडी? मग!"

या "मग!" मध्ये सगळा युक्तिवाद सामावलेला असतो आणि तो सहसा कुणी तपासून पाहत नाही. तपासला तर जे हाती येतं ते थोडं चमत्कारिक आहे. माझं म्हणणं असं, की कोरफड मुरुमांवर फारशी लागू पडत नाही. ती लागू पडते मुरुमांच्या आजूबाजूच्या माणसांवर. चेहऱ्यावर गर लावलेली मुलगी दिसली की घरातल्यांचा जीव शांत होतो, सल्ल्यांचा ओघ थांबतो आणि मुरुमाला त्याच्या गतीने जायला सवड मिळते. एवढ्यासाठीसुद्धा कोरफड ठेवण्यासारखी आहे. किंबहुना ती लावू नका असं सांगण्याची माझी हिंमतही नाही आणि इच्छाही नाही. फक्त श्रेय कुणाचं किती, याचा हिशेब एकदा व्हायला हवा.

आधी कोरफडच का, हे पाहू. औषधी वनस्पती आपल्याकडे काही कमी नाहीत. पण ब्राह्मी ओळखता येत नाही, अडुळसा गॅलरीत मावत नाही आणि तुळशीची पानं ओरबाडली की आजी रागावते. कोरफडीला यातली एकही अडचण नाही. ती रंगाच्या रिकाम्या डब्यात वाढते, फुटक्या बादलीत वाढते, पाणी घालायला विसरलं तरी वाढते आणि रोज आठवणीने पाणी घातलं तरच कुजते. दृष्ट लागू नये म्हणून लोक तिला मुळांसकट उलटी दारावर टांगतात, तिथेही ती कित्येक दिवस हिरवीगार राहते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं की हा घराचा प्रताप आहे. खरं कारण असं, की ही रखरखीत मुलखातली वनस्पती. दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवते, रात्री उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते, त्यामुळे तिचं पाणी उडून जात नाही. मूळ गाव अरबस्तान. आजीच्या बटव्यातली म्हणून जिची ओळख करून दिली जाते, ती अशी समुद्रापलीकडून आलेली पाहुणी आहे. शिवाय तिला बुडाशी पिल्लं फुटतात. ही पिल्लं वाढली की ती द्यायची कुणाला, हा प्रश्न प्रत्येक कोरफडवाल्या घराला पडतो, आणि शेजारच्या मुलीच्या गालावर मुरूम दिसताच तो सुटतो. फुकट मिळणारं, हाताशी असणारं आणि घरात जास्त झालेलं औषध जगात नेहमीच गुणकारी ठरत आलं आहे.

आता मुरूम म्हणजे काय ते पाहू, कारण मुरुमाचा खून कुणी केला हे ठरवायचं तर तो जन्मला कधी हे माहीत हवं. वयात येताना शरीरात अँड्रोजन संप्रेरकं वाढतात. मुलांच्याही आणि मुलींच्याही. त्यांच्या हुकमावरून कातडीतल्या तैलग्रंथी जोमाने कामाला लागतात. त्याच वेळी रोमकूपाच्या आतल्या पेशी नीट झडून जाण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसतं. आत तेल तुंबतं. 'क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस' नावाचे जिवाणू, जे एरवी आपल्या कातडीवर निमूटपणे राहतात, त्यांना ही जागा मानवते. मग शरीराची संरक्षक यंत्रणा जागी होते आणि सूज, लाली, पू असा सोहळा सुरू होतो. काळ्या टोकाच्या पुटकुळीतला काळेपणा मळाचा नसतो. बुचातल्या रंगद्रव्याचा हवेशी संबंध आल्यामुळे तो दिसतो. म्हणून चेहरा दिवसातून आठ वेळा साबणाने घासणाऱ्यांच्या हाती फक्त कोरडा चेहरा येतो, काळी टोकं असतात तिथेच असतात. यात लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच, की गालावर दिसणारा मुरूम आतमध्ये काही आठवडे आधीच सुरू झालेला असतो. कोरफड घटनास्थळी पोचते ती पंचनाम्याच्या वेळी.

आणि पोचते ती काय घेऊन? कोरफडीच्या गरात जवळपास ९९ टक्के पाणी असतं. उरलेल्या एका टक्क्यात शर्करेच्या लांबलचक साखळ्या, त्यातली प्रसिद्ध ॲसिमॅनन नावाची, शिवाय थोडी जीवनसत्त्वं, विकरं आणि खनिजं. या मिश्रणाने कातडीला थंड वाटतं, ओलावा राहतो, आग कमी होते. हे काही थोडं नाही, आणि उन्हाने किंवा वाफेने पोळलेल्या कातडीवर त्याचा उपयोग होतो हे अनेकांनी नोंदवलं आहे. पण तैलग्रंथीला "जरा दमाने घे" असं सांगणारं या गरात कुणी नाही. रोमकूपाचं बूच काढण्याची ताकद त्यात आहे असं दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणूंची वाढ रोखणारे काही घटक सापडतात, पण बशीत जिवाणू मारणाऱ्या पदार्थांची यादी करायची तर तिच्यात व्हिनेगर आणि लसूणही येतात. लसूण गालाला चोळायला मात्र कुणी सांगत नाही, कारण मग मुलीला बारशाला नेता येणार नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो तावातावाने येतो : "मग आमच्या पिंकीचे कसे गेले?" पिंकीचे गेले, हे मी मान्य करतो. पण एकेक मुरूम साधारण आठवडा-दोन आठवड्यांत आपणहून बसतोच. शिवाय हा विकार चढउताराचा आहे. परीक्षा आली, पाळी जवळ आली, की वाढतो आणि मग ओसरतो. आता कोरफड लावायचा सल्ला कधी मिळतो? चेहरा सर्वात वाईट दिसत असतो तेव्हा. चेहरा बरा असताना "अगं, किती छान दिसतेस, कोरफड लाव" असं म्हणणारी आत्या अजून जन्माला यायची आहे. म्हणजे उपाय सुरू होतो तो शिखरावर, आणि शिखरावरून कुठल्याही दिशेने चालायला लागलं तरी वाट उतरणीचीच असते. मुरुमांच्या औषधांच्या चाचण्यांमध्ये ज्यांना औषध नसलेलं नुसतं मलम देतात, त्यांचेही मुरूम पहिल्या दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी कमी झालेले दिसतात. त्या बिचाऱ्यांना कोरफडसुद्धा मिळालेली नसते. याच न्यायाने "लग्न झालं की आपोआप जातात" हा ज्येष्ठांचा सिद्धांत सिद्ध होतो. पंचविशीनंतर पुष्कळांचे मुरूम कमी होतात, आपल्याकडे लग्नं साधारण त्याच सुमाराला होतात, आणि श्रेय घेऊन जातो जावई. ज्यांचे तिशीतही जात नाहीत, आणि अशा स्त्रिया कमी नाहीत, त्यांच्या बाबतीत दोष कुणाला द्यायचा हे मात्र सिद्धांत सांगत नाही.

तेलकट खाण्याचंही जाता जाता सांगून टाकतो, कारण कोरफडीच्या सल्ल्याला ते नेहमी जोडून येतं. १९६९ साली अमेरिकेत क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चॉकलेटचा मुरुमांशी संबंध आहे का हे तपासलं आणि नाही असा निष्कर्ष काढला. प्रयोगातले निम्म्याहून अधिक जण तुरुंगातले कैदी होते, पैसा चॉकलेट उत्पादकांच्या संघटनेकडून आला होता आणि तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही साखर आणि चरबी जवळपास तेवढीच होती. असा प्रयोग आपल्याकडे भजीवाल्यांनी केला तर त्याचाही निकाल आधीच सांगता येईल. अलीकडचा पुरावा तेलापेक्षा साखर आणि मैद्याकडे बोट दाखवतो, म्हणजे भजी सुटली आणि सोबतची बिस्किटं अडकली. पण हे आत्याला सांगायला जाऊ नये.

दुसरा आक्षेप परंपरेचा. हजारो वर्षांचं ज्ञान, ऋषिमुनी, आयुर्वेद वगैरे. हा आक्षेप घेणाऱ्यांनी परंपरा उघडून पाहिली तर बरं होईल, कारण तिथे कोरफड आहे पण बऱ्याचदा दुसऱ्याच कामावर आहे. कुमारी आसव पचनासाठी आणि स्त्रियांच्या तक्रारींसाठी देतात. पानाचा चीक आटवून केलेला काळा बोळ मुका मार लागला की उगाळून लावतात. आणि तारुण्यपिटिका? सुश्रुतसंहितेत त्या आहेत. सावरीच्या काट्यांसारख्या दिसतात असं अचूक वर्णनही आहे. मात्र ग्रंथकारांनी त्या किरकोळ रोगांच्या यादीत घातल्या आहेत, जे कॉलेजच्या गॅदरिंगच्या आदल्या दिवशी कुणालाही वाचून दाखवू नये. उपचार म्हणून तिथे सांगितलं आहे वमन, म्हणजे रीतसर ओकारी काढणं, आणि वेखंड, लोध्र, सैंधव व मोहरी यांचा लेप. कोरफडीचं नाव त्या कृतीत नाही. तेव्हा परंपरेचाच आग्रह असेल तर सुरुवात ओकारीपासून करावी लागेल. परंपरेतलं सोपं तेवढं घ्यायचं आणि अवघड ते गाळायचं, ही आपली खरी हजारो वर्षांची परंपरा आहे आणि तिला माझा विरोध नाही. फक्त तिच्याखाली ऋषींची सही करू नये.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार, कारण तो शिकलेल्या भाचीकडून येतो आणि तिच्या हातात मोबाइल असतो. "पण यावर संशोधन झालंय!" झालं आहे, आणि ते मला आवडतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इराणी चाचणीत सौम्य ते मध्यम मुरूम असलेल्या ६० जणांचे दोन गट केले. एका गटाला ट्रेटिनॉइनचं मलम आणि कोरफडीची जेल, दुसऱ्याला तेच मलम आणि कोरफड नसलेली जेल. कुणाला काय मिळालं हे रुग्णांनाही माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही. आठ आठवड्यांनी कोरफडवाला गट पुढे होता. मुरूम जास्त कमी झाले आणि कातडीची लालीही कमी राहिली. भाची इथे विजयाने मान डोलावते. पण चाचणीत काय होतं ते पुन्हा वाचा. दोन्ही गटांना ट्रेटिनॉइन होतं. ते 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेलं आम्ल, मुरुमांवर १९६९ पासून नावारूपाला आलेलं, बूच फोडणारं खरंखुरं औषध. कोरफड त्याच्या साथीला होती. तंबोऱ्यावर बसलेल्याने मैफलीत रंग भरला यात शंका नाही, पण म्हणून पुढच्या रविवारी गवयाला घरी ठेवून नुसत्या तंबोऱ्याची तिकिटं विकायची का, एवढाच प्रश्न आहे. आपल्या घरांमध्ये नेमकं तेच चालतं. २०२४ साली अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजीने मुरुमांच्या उपचारांची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेव्हा वनस्पतिजन्य आणि पर्यायी उपचारांबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं म्हणून तो विषय बाजूला ठेवला. उपयोग नाही असं त्यांनी म्हटलं नाही, हे कोरफडीच्या बाजूनेही नोंदवायला हवं.

कोरफडीची आधुनिक कीर्ती मुळात मुरुमांमुळे झालेलीच नाही. १९३५ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी क्ष-किरणांमुळे कातडी जळालेल्या एका बाईवर कोरफडीचं ताजं पान वापरलं, ती बरी झाली, आणि तिथून जगभर कोरफडीचा डंका वाजू लागला. एका बाईच्या अनुभवावरून एवढं जग हललं, हे आपल्या आत्यांना कळलं तर त्यांचा आत्मविश्वास आणखी वाढेल. नंतरचे निकाल इतके एकसुरी नाहीत. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सिझेरियन किंवा पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळलेल्या बायकांवर कोरफडीची जेल वापरून पाहिली. नेहमीच्या पद्धतीने जखम भरायला सरासरी ५३ दिवस लागले, कोरफड लावल्यावर ८३. अभ्यास लहान होता, जखमा खोल होत्या, गाल आणि पोट यांत फरक आहे, सगळं खरं. तरी "लावून तर बघ, कशावरही चालते" या वाक्यातला 'कशावरही' हा भाग यानंतर गाळायला हरकत नाही.

यावर शेवटचा हुकमी पत्ता पडतो : "गुण नाही आला तरी अपाय तर नाही ना? नैसर्गिक आहे!" नैसर्गिक तर गाजरगवतही आहे आणि खाजकुइलीही. कोरफडीचं पान कापलं की साल आणि गर यांच्यामधून एक पिवळट, कडू चीक येतो. काळा बोळ होतो तो याचाच. त्यात अलॉइन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. ती कातडीला लागली तर काहींना खाज सुटते, पुरळ उठतं, आणि पोटात गेली तर जोरदार जुलाब होतात. रेचक म्हणून या चिकाची ख्याती जुनी आहे. पण २००२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चिठ्ठीविना मिळणाऱ्या रेचकांमधून तो काढायला लावला, कारण तो सुरक्षित असल्याचा पुरेसा पुरावा उत्पादकांनी पुढे आणला नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क कर्करोगाची शक्यता असलेल्या पदार्थांत टाकला आहे. पिण्याच्या पाण्यातून तो दिलेल्या उंदरांच्या मोठ्या आतड्यात गाठी आढळल्या होत्या. गालावर लावलेल्या स्वच्छ गराशी याचा संबंध नाही, तेव्हा घाबरून कुंडी फेकू नका. पण मुरूम "आतून" जावेत म्हणून रोज सकाळी सालीसकट पान मिक्सरमधून काढून घोट घोट पिणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. त्यांची त्वचा तेजस्वी दिसते असं ऐकतो. सकाळी सहापासून एवढी धावपळ केल्यावर कुणाचीही दिसेल.

बाटलीतल्या कोरफडीची गोष्ट थोडक्यात. गर पारदर्शक असतो. दुकानातली हिरवीगार जेल बहुधा बाहेरून घातलेल्या रंगाने हिरवी झालेली असते, कारण पांढरट कोरफड गिऱ्हाइकाला भेसळ वाटते. कारखान्यात गर वाळवून त्याची २०० पट तीव्र भुकटी करतात आणि नंतर एक भाग भुकटीत १९९ भाग पाणी घालून पुन्हा "शंभर टक्के कोरफड" करतात. हे कायद्यात बसतं आणि गणितातही बसतं, कारण मूळ गरातही पाणीच होतं. २०१६ साली अमेरिकेत एका वृत्तसंस्थेने मोठ्या दुकानांतल्या कोरफड जेल प्रयोगशाळेत तपासून घेतल्या, तेव्हा काहींमध्ये कोरफडीची खूण असलेलं ॲसिमॅननच सापडलं नाही. त्या जेल लावून बरं वाटलेल्यांची संख्या मात्र भरपूर असणार. कोरफडीशिवाय कोरफडीचा गुण येणं, माझ्या मुद्द्याचा याहून चांगला पुरावा मला मागूनही मिळाला नसता.

एवढं झाल्यावर मी कोरफडीच्या विरोधात आहे असा समज होईल. तो चुकीचा आहे. कोरफडीची किंमत कळते ती तिच्या प्रतिस्पर्ध्यांकडे पाहिल्यावर. लिंबू घ्या. कातडीचा सामू पाचाच्या आसपास, लिंबाच्या रसाचा दोनच्या. तो चोळून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होऊन महिनोन्‌महिने टिकणारे काळे डाग पडू शकतात. टूथपेस्ट घ्या, दात घासण्यासाठी केलेली वस्तू गालावर थापून रात्रभर ठेवली की सकाळी मुरुमाभोवती लाल मैदान तयार. खाण्याचा सोडा ढोकळ्याशिवाय कशालाही लावू नये. जायफळ सहाणेवर उगाळून लावणारी आजी निदान लेप वाळेपर्यंत बोलत नाही, हा तिचा फायदा धरला तरी पुढे खरवडून काढताना सगळं मुसळ केरात. आणि या सगळ्यांहून वाईट म्हणजे औषधाच्या दुकानात "काहीतरी द्या हो मुरुमांवर" म्हटल्यावर मिळणारी स्टेरॉइडची मलमं. चार दिवसांत चेहरा चकाचक, चार महिन्यांत कातडी पातळ, लाल आणि पुन्हा मुरुमांनी भरलेली, आणि मलम सोडलं की आणखी वाईट. त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं ओरडत होते. शेवटी २०१८ साली केंद्र सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना डॉक्टरच्या चिठ्ठीची अट घातली. अट घातली म्हणजे पाळली गेली असं नव्हे, हे काउंटरच्या दोन्ही बाजूंना ठाऊक आहे. या सगळ्यांच्या आधी, सर्वात वर, माणसाची स्वतःची नखं. मुरूम फोडला की आतली सूज खोलवर जाते आणि पंधरा दिवसांच्या पाहुण्याचा कायमचा खड्डा होतो.

या टोळीत कोरफड उभी करा. थंड, बुळबुळीत, निरुपद्रवी. चेहऱ्यावर गर असला की नखं लागत नाहीत, कारण बोटं घसरतात. लिंबू फ्रिजमध्येच राहतं. आई समाधानी, आत्या समाधानी, मामाने यूट्यूबवर शोधलेला पुढचा उपाय लांबणीवर. रुग्णाला काही न करण्याची शिक्षा होते आणि तरी काहीतरी केल्याचं समाधान मिळतं. आणि तिचं एक खरंखुरं काम आहेच, त्या इराणी चाचणीतलं. ट्रेटिनॉइन, अडापलिन, बेन्झॉइल पेरॉक्साइड ही मुरुमांवरची कामाची मलमं सुरुवातीला कातडी कोरडी करतात, सोलतात, चुरचुरवतात, आणि गुण दिसायला आठ ते बारा आठवडे घेतात. पुष्कळ लोक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच "हे तर वाढलंच" म्हणून ट्यूब फेकून देतात. तिथे, डॉक्टरला विचारून, कोरफडीच्या गराने आग शमत असेल आणि माणूस बारा आठवडे टिकत असेल, तर कोरफडीने मुरूम घालवले असं म्हणायला मीसुद्धा तयार होईन, निदान आत्यासमोर.

कुणी म्हणेल, दोन पुटकुळ्यांसाठी कशाला डॉक्टर? बरोबर आहे, दोन पुटकुळ्यांसाठी नकोच. पण गाठींसारखे, दुखणारे मुरूम असतील, खड्डे पडायला लागले असतील, पाठ-छातीही भरली असेल किंवा पाळीची अनियमितता आणि चेहऱ्यावरचे केस त्याबरोबर असतील, तर "अजून एक महिना कोरफड लावून बघू" हा महिना महाग पडतो. मुरुमांवरची औषधं आहेत, खड्ड्यांवरची फार खर्चिक आणि अर्धवट गुणाची आहेत. यातली काही औषधं, विशेषतः आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या, गरोदरपणात बाळाला गंभीर अपाय करतात. तेव्हा मैत्रिणीच्या पाकिटातून उसनी घ्यायची ही वस्तू नव्हे. उसनी घ्यायची तर कोरफडीचं पिल्लू घ्यावं.

ते घेतलंच, तर पान कापल्यावर उभं धरून पिवळा चीक पूर्ण गळू द्या, गर धुऊन घ्या, आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थोडा लावून एक दिवस वाट बघा आणि मगच चेहऱ्याकडे वळा. उरलेलं पान फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर त्यावर चिठ्ठी लावा आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा. ते घाईघाईत काकडीबरोबर कोशिंबिरीत गेलं, तर मुरुमांचं काय होईल ते सांगता येत नाही. पोटाचं नक्की सांगता येतं.